चालू मागातला हात

यंत्रमागावर कुणाचे बोट गेले की भिवंडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चालू मागात हात कशाला घातला?’ मालक तो विचारतो, मागांची देखभाल करणारा जॉबर विचारतो, दवाखान्यात पट्टी बांधणारा विचारतो, आणि गावाहून फोनवर घरचेही तेच विचारतात. उत्तरासाठी मात्र कुणी थांबत नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याने ते आधीच गृहीत धरलेले असते. कामगाराचा निष्काळजीपणा. कामतघरात वऱ्हाळदेवी तलावाच्या अलीकडे-पलीकडे, पद्मानगरच्या गल्ल्यांत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकर, उत्तरेकडून आलेले कामगार आणि स्थानिक माणसे एकाच छपराखाली माग चालवतात, तिथे हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की तो खरा आहे का, हे तपासायचेच राहून गेले आहे.

माझे म्हणणे असे : निष्काळजीपणा हा शब्द दुखापतीचे कारण सांगत नाही, चौकशी संपवतो. यंत्रमागावरची दुखापत तीन जागी तयार होते. यंत्राच्या उघड्या भागात, मजुरीच्या हिशेबात आणि कायद्याने लावलेल्या माणसांच्या मोजदादीत. कामगाराचा हात तिथे सगळ्यांत शेवटी पोहोचतो. म्हणून भिंतीवर ‘सावध रहा’ असे रंगवून दुखापती थांबणार नाहीत. त्या थांबवायच्या तर या तीन जागी हात घालावा लागेल.

१. हा समज आला कुठून

‘बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात’ हे वाक्य सुरक्षेच्या प्रशिक्षणात अजून शास्त्रवचनासारखे सांगितले जाते. त्याचा उगम माहीत असलेला बरा. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिले. त्यात शंभरातले ८८ अपघात कामगारांच्या असुरक्षित वागण्याने, १० यंत्राच्या किंवा जागेच्या दोषाने आणि २ अटळ, अशी वाटणी होती. ती केली कशाच्या आधारे? विम्याच्या निकाली निघालेल्या दाव्यांच्या आणि कारखानदारांकडच्या नोंदींच्या. म्हणजे अपघाताचे कारण ज्याने लिहिले तो पर्यवेक्षक होता किंवा मालक. ज्याचे बोट गेले त्याला लेखणी मिळालीच नव्हती.

आपल्याकडेही नोंद अशीच होते, तीही झाली तर. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ न देणारी इजा कळवणे बंधनकारक होते. आता मीटरवर मजुरी घेणारा विणकर पहा. दोन बोटांना पट्टी बांधून तो दुसऱ्या दिवशी पाळीवर येतो, कारण खाडा झाला तर पैसे नाहीत. ४८ तास भरत नाहीत आणि अपघात कागदावर येत नाही. मग कागद पाहून कुणी म्हणते की इथे दुखापती फारशा होत नाहीत, आणि होतात त्या कामगारांच्या चुकीने. दोन्ही निष्कर्ष एकाच कोऱ्या पानातून काढलेले असतात.

२. मागाजवळ उभे राहून पाहू

साध्या यंत्रमागावर ताण्याचे धागे वर-खाली होऊन जी वाट उघडते, तिच्यातून लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे जातो. त्याच्या दोन्ही टोकांना धातूची टोपी असते आणि पोटात बाण्याची कांडी. एका बाजूची काठी पिकरच्या मदतीने त्याला टोला देते, समोरची पेटी त्याला झेलते. हे सगळे जुळून आले तर कापड होते. पिकर झिजला, पट्टा सैल पडला, पेटीची पकड कमी झाली, किंवा तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंतून धोट्याची वाट अडली, तर धोटा मागाबाहेर उडतो. तो पुष्कळदा शेजारच्या गल्लीत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाला लागतो. डोळ्याला, कपाळाला, कानशिलाला. या माणसाचा निष्काळजीपणा कोणता? तो आपला माग पाहत होता, म्हणजे नेमके ज्याचे पैसे मिळतात तेच काम करत होता. कारण दुसऱ्याच्या मागावरच्या झिजलेल्या पिकरमध्ये आहे, आणि तो बदलायचा निर्णय विणकराच्या हातात नसतो. धोट्याच्या वाटेवर बसवायची आडवी सळई, जिला धोटारक्षक म्हणता येईल, ही वस्त्रोद्योगातली फार जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. कित्येक मागांवर ती वाकलेली किंवा काढून ठेवलेली दिसते. तुटलेला धागा काढताना ती आड येते, म्हणून.

आता हाताकडे वळू. ताण्याचा धागा तुटला आणि माग चालूच राहिला तर कापडात उभी चीर पडते. तो दोष धरला जातो आणि पैसे कापले जातात. माग थांबवला तर तेवढे मीटर बुडतात, शिवाय पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी खूण उमटण्याची भीती असते, तोही दोषच. एकेका विणकराकडे चार ते सहा माग असतात. एकावर गाठ मारेपर्यंत दुसऱ्याची कांडी संपत आलेली असते. अशा वेळी माग न थांबवता, बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या मागून दोन बोटे आत घालून धागा ओढून घेणे, हाच त्या कामाचा शहाणपणा ठरतो. नवा माणूस तो जुन्याकडून शिकतो. बाराशेव्या वेळी फणी बोटावर येते. बाराशे वेळा याच कृतीला ‘हुशारी’ म्हटले गेले होते, आणि त्या एका वेळी तिचे नाव ‘निष्काळजीपणा’ झाले.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायची आहे. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया ही योजना जाहीर केली, आणि तीही भिवंडीतच. साध्या मागांना जोडणी बसवून त्यांचा दर्जा सुधारण्यासाठी अनुदान हा तिचा एक भाग होता. ताण्याचा धागा तुटताच माग आपोआप थांबवणारी यंत्रणा त्या जोडण्यांपैकी एक. हेतू कापडाचा दर्जा हा होता, आणि तो योग्यच होता. पण या यंत्रणेने धागा शोधायला चालू मागात डोके आणि बोटे घालण्याची गरजच कमी होते. म्हणजे दुखापत टाळणारी गोष्ट तंत्रज्ञांना माहीत होती, सरकारला माहीत होती, तिच्यासाठी पैसेही ठेवले गेले, फक्त तिला सुरक्षेचे साधन मानले गेले नाही. धागा तुटणे हा दोष आहे हे आपल्या व्यवस्थेला चटकन कळते.

मागावरचा तिसरा धोका त्याच्या टोकाला आहे : मोटरचा पट्टा आणि दातेरी चाके. १९४८ च्या कायद्याच्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक फिरते भाग पक्क्या आवरणात ठेवण्याची सक्ती केली होती. बहुतेक माग झाकणासहच येतात. झाकण जाते ते तेल घालताना. रोज चार बोल्ट उघडून पुन्हा बसवायला जॉबरकडे वेळ नसतो, म्हणून झाकण एकदा भिंतीला टेकवले की तिथेच राहते. यावर जॉबरला दंड करणे हा उथळ उपाय. झाकणाला बिजागरी लावणे आणि तेलासाठी नळीएवढे भोक ठेवणे हा खरा उपाय, कारण मग झाकण काढण्याचे कारणच उरत नाही. सुरक्षाशास्त्रातली उपायांची उतरंड हेच सांगते : आधी धोका मुळातून काढा, ते जमत नसेल तर त्याला यंत्रानेच अडवा, मग कामाची पद्धत बदला आणि सगळ्यांत शेवटी माणसाच्या अंगावर साधने चढवा. आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. हातमोज्यांचेच पहा. फिरत्या चाकांजवळ मोजा घातला तर त्याचे कापड दात्यात अडकून उघड्या बोटाऐवजी अख्खा पंजा आत ओढला जाऊ शकतो. कामगार मोजे घालत नाहीत अशी तक्रार करणाऱ्याने, ते कुठल्या यंत्रापाशी घालायचे नसतात, हे आधी शिकले पाहिजे.

३. कान कुणाच्या चुकीने गेला?

निष्काळजीपणाच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा बोटावर होत नाही, कानावर होते. धोट्याचे माग एका खोलीत ओळीने चालू असले की हातभर अंतरावरचा माणूस काय म्हणतो ते ओठ पाहून ओळखावे लागते. कारखान्यांसाठी आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल धरली जाते. धोट्याच्या मागांची खोली ही मर्यादा सहज ओलांडते, आणि भिवंडीतली पाळी पुष्कळ ठिकाणी आठ तासांची नसून बारा तासांची असते.

आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी उंच पट्टीत जाते. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. ‘स’, ‘फ’, ‘त’ यांतला फरक पुसट होतो. घरी टीव्ही मोठ्याने लागतो, नातवंड हळू बोलले की आजोबा चिडतात आणि घरात म्हणतात, वय झाले. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे हे नुकसान परत भरून येत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात आवाजाने येणारे बहिरेपण आणि कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, हे दोन्ही व्यवसायजन्य आजार म्हणून धरलेले होते. इथे कुणी कशात हात घातला नव्हता. माणूस वेळेवर आला, नेमून दिलेल्या जागी उभा राहिला, सांगितले तेवढे तास काम केले, आणि त्यातच त्याचा कान गेला. काम बिनचूक करूनही दुखापत होते, याचा अर्थ दुखापत कामाच्या रचनेतच बसवलेली आहे. कानाबाबत हे मान्य असेल, तर बोटाबाबत वेगळा न्याय का लावायचा?

(कानात बोळे घाला, हे सांगणे सोपे आहे. पण अनुभवी विणकर मागाचा बिघाड आवाजावरूनच ओळखतो. बोळे घालून तो ती खूण गमावतो. म्हणून मागाखाली रबराच्या गाद्या, लाकडाऐवजी नायलॉनचे भाग आणि कामाच्या तासांवर मर्यादा, हे उपाय आधी यायला हवेत.)

पाठीचेही तसेच. कामतघरातून अंजूरफाटा ओलांडून मानकोलीकडे गेले की गोदामांचा पट्टा लागतो. तिथे हमालाची कंबर एका झटक्यात जात नाही, हजारो गोण्यांनी जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सुचवली. गोणी किती किलोची भरायची हे हमाल ठरवत नाही. ‘गुडघ्यात वाकून उचला’ असे शिकवण्यापेक्षा गोणी लहान भरणे अधिक उपयोगी.

४. कायदा माणसे मोजतो

मग कायदा काय करतो? आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद तेव्हापासून आहे, पण तो लागू होता १०० किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांना. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि पुढच्या मागण्यांचा रेटा उभा राहिला. १८९१ मध्ये संख्या ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर, आणि १९४८ मध्ये विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी १० वर. सदुसष्ट वर्षे हा आकडा खाली येत राहिला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने तो पुन्हा २० केला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने देशभर तेच केले आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

हा आकडा कामतघरात आणून पहा. एका छपराखाली २४ माग आहेत आणि विणकराकडे सहा-सहा माग. एका पाळीला चार, दोन पाळ्या मिळून आठ. कांडी भरणारे दोन, जॉबर एक. एकूण ११ माणसे. १९४८ च्या मोजणीने हा कारखाना होता, आजच्या मोजणीने नाही. चोवीस मोटरी, चोवीस धोटे, चोवीस पट्टे मात्र तेवढेच राहिले. शेजारी दुसऱ्या नावाने आणखी २४ माग असतील तरी प्रत्येक नाव वेगळे मोजले जाते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाने इथे यावे, असा मुद्दाच मग उरत नाही.

कामाच्या तासांचेही माप उलट्या दिशेने सरकते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. पाळीचा अकरावा तास काय असतो हे ज्याने माग चालवला त्याला सांगावे लागत नाही.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : काही कामगार खरेच बेफिकीर असतात. असतात, नाकारण्याचे कारण नाही. माणूस थकतो, पेंगतो, घरच्या काळजीत असतो, कधी पिऊनही येतो. पण यंत्राजवळ माणूसच उभा राहणार हे ठाऊक असताना, जो कधीच चुकणार नाही अशा माणसासाठी जागा रचणे, यालाच मी मोठी बेफिकिरी म्हणतो. विजेच्या पेटीत फ्यूज घालताना आपण ‘लोकांनी जपून वीज वापरावी’ एवढ्यावर थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : छोट्या मालकाला हे परवडत नाही. यात तथ्य आहे, आणि ते बाजूला सारणाऱ्याला भिवंडी कळलेली नाही. इथले कित्येक मालक स्वतःचे सूत किंवा कापड बाळगतच नाहीत. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. मालकाला मिळते ती विणाईची मजुरी, आणि तिचा दर पैशांत घासाघीस करून ठरतो. बारा माग भाड्याने चालवणारा माणूस स्वतः एका पाळीला उभा राहतो, त्याचेही बोट त्याच फणीखाली असते. त्याला एकट्याला दोषी धरणे म्हणजे निष्काळजीपणाचे खापर एक पायरी वर नेऊन फोडणे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘मग राहू द्या’ असा नाही. सूत देणाऱ्याने आणि कापड नेणाऱ्याने खर्चाचा वाटा उचलावा, हा आहे. हे स्वप्नरंजन नव्हे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले, त्यानंतर काही आठवड्यांतच कपडे विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना पुरवठादार कारखान्यांच्या सुरक्षेसाठी कायद्याने बांधणारा करार करावा लागला. आणि बांगलादेशापर्यंत तरी कशाला जायचे? महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने हमालाला कुणा एका मालकाच्या माणसांत मोजले नाही. मंडळाकडे नोंदणी, काम करवून घेणाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही आणि त्यातून संरक्षण, अशी व्यवस्था उभी केली. विखुरलेल्या, मालक बदलणाऱ्या कामगाराला संरक्षण देता येते हे याच राज्यात सिद्ध झालेले आहे. यंत्रमागासाठी असेच मंडळ करता येईल. माणसांऐवजी माग मोजा, विणलेल्या मीटरवर व्यापाऱ्याकडून लेव्ही घ्या, आणि तिच्यातून झाकणे, आपोआप थांबणारी यंत्रणा, वर्षाला एकदा कानाची तपासणी आणि अपघातानंतरची तातडीची मदत यांचा खर्च करा.

तिसरा आक्षेप : धोट्याचे माग जातील, नवे बिनधोट्याचे येतील, प्रश्न आपोआप मिटेल. धोटा उडण्याचा धोका जाईल, हे खरे. पण जुना माग भंगारात जाण्याआधी पुष्कळदा तो आणखी छोट्या मालकाकडे जातो. आणि नव्या मागाचे फिरते भाग जुन्याहून वेगवान असतात, त्यांच्यावर एका माणसाकडे मागही जास्त दिले जातात. उघडे झाकण तिथेही भिंतीला टेकवता येते.

६. एका बोटाची किंमत

१९२३ च्या भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के धरलेली होती. विणकराची गाठ पहा : तुटलेले टोक आणि नवे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून, मधल्या बोटाच्या टेकूने, डोळे मिटूनही मारता येईल अशी. चिमूट गेली तर १४ टक्के विणकर जात नाही, विणकरच जातो. हे न्यायालयानेही जाणले आहे. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने, डावा हात गमावलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही म्हणून त्याची हानी शंभर टक्के धरली. वीज वापरून वस्तू तयार होणाऱ्या जागेसाठी भरपाईच्या त्या कायद्याने किमान माणसांची अट घातलेली नव्हती, हेही कामतघरातल्या विणकराला सहसा कुणी सांगत नाही. आणि तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून न्यायची असते, थेट बर्फात बोट टाकायचे नसते, हेही कारखान्याच्या भिंतीवर क्वचितच लिहिलेले दिसते.

म्हणून मालकांना, जॉबरांना आणि विणकरांनाही एक विनंती. मंडळ होईल तेव्हा होईल, कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रत्येक छपराखाली एक साधी वही ठेवा. कुणाला लागले, अगदी नखाला लागले, तरी त्याच दिवशी तीत लिहा : माग कितवा, त्याचे कोणते झाकण नव्हते, पिकर शेवटचा कधी बदलला होता, पाळीचा कितवा तास चालू होता आणि त्या वेळी त्या माणसाकडे किती माग होते. आणि हे लिहिताना, ज्याला लागले त्यालाच विचारून लिहा.